अर्धीच येणारी पानं

दुर्गाबाई रामटेके भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारायच्या आणि शेजारी उभा असलेला कुणी अनोळखी माणूस वळून बघायचा. "आप एक्सचेंज वाली मैडम हैं ना?" भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी नोकरीची सगळी वर्षं कानाला हेडफोन लावून काढली होती. चेहरा फारसा कुणाला ठाऊक नव्हता, आवाज मात्र हजारो कामगारांच्या कानात बसलेला. "बोलिए, कहाँ दूँ?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवृत्त झाल्यावरही ओळख पटली की लोक त्यांना ते म्हणून दाखवायला लावत, आणि त्याही मेथीची जुडी हातात धरून हसत हसत म्हणून दाखवत.

लग्न त्यांनी केलं नाही. भाच्यांची शिक्षणं केली, भाचे आपापल्या वाटेनं गेले. क्वार्टरमध्ये त्या एकट्या राहत, पण रडगाणं गात बसणं त्यांना जमतच नसे. सकाळी झाडांना पाणी, दुपारी झोप आणि चारच्या सुमाराला सेक्टरातल्या बुद्धविहाराची संगणकाची खोली. त्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. घराची किल्ली त्या एखाद्या दिवशी विसरल्या असतील, ही कधी नाही.

खोली उभी केली होती चंपतराव मेश्रामांनी. कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. कुठून कुठून जुने संगणक मिळवले, स्वतः वायर ओढल्या, टेबलं ठोकली. मुलांच्या हाती भलतंसलतं लागू नये म्हणून आयांनी कुरकुर केली, तेव्हा त्यांनी कोपऱ्यात एक जास्तीचा संगणक बसवला आणि त्याला 'प्रॉक्सी' असं नाव सांगितलं. खोलीतला कुठलाही संगणक थेट बाहेर जायचा नाही. काय हवं ते या प्रॉक्सीला सांगायचं. तो बाहेर जाऊन आणायचा, नको ते दारातच अडवायचा आणि नेहमी लागणाऱ्या पानांची प्रत स्वतःजवळ ठेवायचा, म्हणजे पुन्हा कुणी मागितलं की लगेच हातात.

"म्हंजे एक्स्चेंजच झालं ना भाऊ," दुर्गाबाई म्हणाल्या होत्या.

"तेच तं! म्हनून तुमाले किल्ली देऊन राहिलो," चंपतराव म्हणाले होते.

मग उन्हाळ्यात चंपतराव घरी न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांची मुलगी हिरा त्यांना कुम्हारीला आपल्या घरी घेऊन गेली. विहाराला तेव्हा चुना लावायचा होता म्हणून खोली काही दिवस बंदच होती. चुना वाळला, खोली उघडली, आणि तेव्हापासून पानं अर्धी यायला लागली.

अर्धी म्हणजे कशी? मथळा दिसायचा, खालची अक्षरं एकमेकांवर चढलेली. फोटोच्या जागी रिकामा चौकोन. फॉर्म यायचा तर त्यावर नावाची जागा असायची, पण 'पुढे' म्हणायचं बटणच गायब. पेन्शनीतले म्हातारे दवाखान्याची तारीख घ्यायला यायचे आणि चौकोन बघून परत जायचे. मुलींचे अर्ज अडकायला लागले. दुर्गाबाईंनी संगणक बंद करून पुन्हा लावले, वायरी उपटून पुन्हा खोचल्या. केबलवाल्या सोनूला बोलावलं. त्यानं मोबाइलवर लाइन तपासली, "लाइन एकदम ओके है, आंटी" असं सांगून तो निघून गेला. खाटेवर पडलेल्या चंपतरावांना असल्या कुरबुरींचा त्रास द्यायचा नाही, असं दुर्गाबाईंनी ठरवलं होतं. हळूहळू लोक यायचे थांबले. दुर्गाबाई चारला खोली उघडत, टेबलं पुसत, आणि अंधार पडायला लागला की कुलूप लावून घरी जात.

रिकामी खोली विहाराच्या सचिवांच्या, नरेश गजभियेंच्या, डोळ्यांत भरली नसती तरच नवल.

"ताई, एक सांगू का, राग नका मानू," एक दिवस ते दारात उभे राहून म्हणाले. "लग्नाकार्याचे भांडे ठेवाले जागा नाई आपल्याजवळ. गंज, पातेले, कढया, सारे माह्या अंगनात पडून आहेत. बायको मले रोज विचारते, संसार माहा आहे का विहाराचा?"

"मंग?"

"मंग हे खोली. कोनी येतच नाई. अन आता सगळ्याईजवळ मोबाइल आहे. येत्या रविवारी मीटिंग आहे, त्याच्यात विषय ठेवून राहिलो."

"भाऊ, खोली बिघडली आहे म्हनून लोक येत नाईत."

"चार महिने झाले ताई बिघडूनच आहे. रविवारपर्यंत दुरुस्त झाली तं मी काहीच बोलनार नाई. पन नाई झाली, तं संगनक उचलू अन गंज ठेवू. तुमीच सांगा, गंजाले कधी नेटवर्क लागते का?"

नरेशराव स्वतःच्याच विनोदावर हसले. माणूस वाईट नव्हता. अंगणातल्या कढयांनी तो खरोखरच गांजला होता. पण ते गेल्यावर दुर्गाबाई स्टुलावर तशाच बसून राहिल्या. चारच्या सुमाराला आता जायचं कुठे, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी थेट नरेशरावांचंच घर गाठलं, पण भेटल्या त्यांच्या सुनेला. भूमिका नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये संगणक शिकवायची. मुलगी दुर्गची, घरात मराठी बोलायची, पण निम्मं वाक्य झालं की गाडी हिंदीवर जायची.

"मावशी, मी येते ना! बाबांचे ते गंज बघून बघून मला पण चक्कर येते," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "फक्त बाबांना मत बताना, कि मैं अपोझिशन में हूँ."

भूमिकानं येताना आपला लॅपटॉप आणला. लाइनीची वायर प्रॉक्सीतून काढून तिनं थेट लॅपटॉपला लावली. पान पुरं आलं. वायर पुन्हा प्रॉक्सीला लावून खोलीतल्या संगणकावर तेच पान मागितलं. अर्धं आलं.

"बस, तो प्रॉब्लेम प्रॉक्सीमध्ये आहे," ती म्हणाली. "जुन्या कॉपी खराब झाल्या असतील." तिनं प्रॉक्सीनं साठवून ठेवलेल्या सगळ्या प्रती पुसून टाकल्या. तरीही अर्धंच. मग अडवायच्या पानांची यादीच थोडा वेळ बंद करून पाहिली. तरीही अर्धंच. भूमिकानं केस वर बांधले. "मावशी, प्रॉक्सी काढूनच टाकू का? सगळे डायरेक्ट."

"अन मंग कोनती माय आपल्या पोरीले इथं पाठवन?"

भूमिकानं मान हलवली. तेही खरं होतं.

दुर्गाबाई एवढा वेळ मागे उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. दर वेळी हरवत होतं ते वेगळंच काहीतरी. मघाशी फोटो आला होता आणि बटण गेलं होतं, आता बटण होतं आणि फोटो नव्हता.

"भूमिका, एक पान आनाले हा संगनक एकच डाव बाहेर जाते का?"

"नाही ना. फोटो वेगळा, बटण वेगळं, अक्षरांचं डिझाइन वेगळं. एका पानासाठी पचास बार जातो."

"म्हंजे पन्नास फोन लावते." दुर्गाबाई पुढे झाल्या. "मंग मले पुरं पान नको दाखवू. त्याच्यातली एकच वस्तू माग. एकच फोटो. पुना पुना माग."

भूमिकानं एका फोटोचा पत्ता टाकला आणि प्रॉक्सीनं प्रत जवळ ठेवू नये अशी सोय केली. फोटो आला. पुन्हा मागितला. चाक गरगर फिरत राहिलं, नाही आला. पुन्हा. आला. पुन्हा. नाही.

"थांबू नको," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आला. नाही. आला. नाही.

"एका आड एक," भूमिका हळूच म्हणाली.

"बाई, हे मी ओळखते!" दुर्गाबाईंनी डोळे उघडले तेव्हा त्या एकदम तरुण दिसत होत्या. "आमच्या बोर्डावर दोन ट्रंक लाइनी असायच्या. एक कॉल इकून, एक तिकून, पाळीपाळीनं. एक लाइन मेली की असंच व्हायचं. एक बोलून राहिला, दुसरा नुसता हॅलो हॅलो. या प्रॉक्सीले दोन लाइनी आहेत. दुसरी कुठं आहे?"

प्रॉक्सीच्या मागे, संगणकांकडे जाणाऱ्या वायरींच्या गुंत्यात, बाहेरच्या लाइनीच्या खरोखरच दोन वायरी होत्या. दुसरी एका छोट्या डबीतून निघून भिंतीच्या कडेनं दाराबाहेर गेली होती. दोघी तिच्या मागे मागे गेल्या. वायर व्हरांड्यातून मीटरच्या खोलीत शिरली, वर फळीवर चढली, आणि तिथे एका मोडेमला जाऊन मिळाली. मोडेमवर एकही दिवा लागलेला नव्हता. त्याचं बटण बंद होतं आणि बटणावर सुतळीनं बांधलेला लाल पुठ्ठ्याचा टॅग लटकत होता.

'काम चालू है. स्विच ऑन न करें. चं. मेश्राम.'

दुर्गाबाईंनी कपाळाला हात लावला. हा टॅग त्यांनी चार महिने रोज पाहिला होता. जाळी झाडताना त्याला धक्का लागू नये म्हणून जपलंही होतं. फळीवरचा हा मोडेम कशाचा, एवढंच कधी विचारलं नव्हतं. आणि त्याच कशाला? मीटर बघायला येणारे नरेशराव, माळ्यावरच्या खुर्च्या काढणारी मंडळी, सगळ्यांनीच तो वाचला होता. सगळे कारखान्यातले. टॅग दिसला की हात आपोआप मागे घ्यायची सवय हाडामांसात मुरलेली.

"हाऊ सिंपल!" भूमिकानं टाचा उंचावून हात पुढे केला.

"हात नको लावू!"

आवाज इतका जोराचा होता की भूमिका दचकलीच.

"मावशी, एक चिठ्ठी है वो."

"टॅग आहे. ज्यानं लावला त्यानंच काढायचा."

"अहो पण ते कुम्हारीला आहेत! आणि रविवार परसों आहे!"

"म्हनून काय झालं?" दुर्गाबाईंचा आवाज खाली आला. "एक्स्चेंजवर असताना एका दुपारी मीच अ‍ॅम्ब्युलन्सचा कॉल जोडला होता. कोनीतरी दुसऱ्याचा टॅग काढून स्विच लावला होता. त्यालेही वाटलं असन, काम झालं असन आतापर्यंत. मानूस वाचला, हात गेला. मले त्याचं तोंडही मालूम नाई. पन कॉल करनाऱ्याचा आवाज आजूनही मालूम आहे."

भूमिकानं हात खाली घेतला. थोड्या वेळानं म्हणाली, "मग फोन करून विचारू ना."

"टॅगची गोष्ट फोनवर नाई करत," दुर्गाबाई म्हणाल्या. सगळा जन्म फोनवर काढलेल्या बाईच्या तोंडी हे वाक्य किती गमतीचं आहे, ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना हसू फुटलं. "तुही स्कूटी कुम्हारीपर्यंत जाते का?"

हायवेवर ट्रकांच्या वाऱ्यानं दुर्गाबाईंचा पदर उडत होता आणि त्या भूमिकाच्या खांद्याला घट्ट धरून बसल्या होत्या. कुम्हारीत हिराचं घर सापडायला वेळ लागला नाही. चंपतराव ओसरीत खाटेवर बसून टीव्हीतल्या कुणाशी तरी भांडत होते. शेजारी वॉकर उभा होता आणि त्याच्यावर त्यांचा टॉवेल वाळत होता.

"जय भीम भाऊ."

"जय भीम, जय भीम! अरे, एक्स्चेंज चालत आलं!" चंपतराव एवढ्या मोठ्यानं ओरडले की हिरा आतून धावत आली. "हिरा, चहा ठेव. साखर घालजो, माह्यासारखा फिका नको देऊ त्याहीले."

चहाची वाट न बघता, इकडचं तिकडचं काहीच न बोलता दुर्गाबाईंनी मुद्द्याला हात घातला. "भाऊ, मीटरच्या खोलीत तुमचा टॅग आहे," त्या म्हणाल्या. "काम बाकी आहे का?"

चंपतरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "कोनता टॅग?"

"दुसऱ्या लाइनीच्या मोडेमवरचा."

"बापा!" त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर आपटले. "काम तं त्याच दिवशी झालं होतं! सॉकेट बदलला, स्क्रू आवळले. म्हटलं घरी जातो, आंघोळ करतो, चहा पेतो, अन येऊन टॅग काढतो. अन गेलो न्हानीत." ते थांबले. "आजून तसाच आहे? कोनीच काढला नाई?"

"तुमचा होता ना," दुर्गाबाई म्हणाल्या.

 चंपतरावांनी टीव्ही बंद केला. चार महिने हा माणूस खाटेवर बसून होता. लोक भेटायला येत, फळं ठेवत, 'आता आराम करा' म्हणत. आपल्याला विचारल्याशिवाय जगात एखादी गोष्ट अडून असेल, असं त्यांना हल्ली वाटेनासं झालं होतं.

"मंग काढू का मी?" दुर्गाबाईंनी विचारलं. "तुमी फक्त हो म्हना."

"नाई. माहा टॅग मीच काढन."

"आबा!" हिरा कपबश्या घेऊन दारातच उभी राहिली. "डॉक्टरनं काय सांगतलं? धक्के नाई, जास्त चालनं नाई."

"चालतो कावून मी? गाडीत बसतो. जवाई गाडी घेऊन बसला आहे ना दारात? का फक्त धुवाले घेतली आहे?"

"रविवारी त्याहीची एकच सुट्टी असते आबा."

"मंग मी बसनं जातो."

हिरानं कपाळाला आठ्या घातल्या. दुर्गाबाईंकडे पाहिलं, भूमिकाकडे पाहिलं. "विचारून पायते," एवढंच म्हणाली. होही नाही आणि नाहीही नाही.

रविवारी वंदना झाली आणि सतरंजीवर मीटिंग बसली. विहाराच्या दारात एक टेम्पो उभा होता. त्यात गंज एकात एक बसवून रचलेले. नरेशराव ठराव हातात घेऊन आले होते, पण दुर्गाबाईंकडे थेट पाहत नव्हते. दुर्गाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. "चंपतभाऊ आले तं माहं काही म्हननं नाई," ते म्हणाले होते. "अन नाई आले, तं मी तरी तो टॅग कसा काढू? मीही रोलिंग मिलमधलाच मानूस आहे ताई."

आधी पाण्याच्या टाकीचा विषय झाला. मग धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला कोण कोण जाणार त्याचा. दुर्गाबाईंचा एक कान रस्त्याकडे होता. नरेशरावांनी तिसरा विषय काढला, घसा साफ केला, पुन्हा साफ केला. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"अरे हा टेम्पो कोनाचा आहे? मानसानं जायचं कुठून?"

लोक उठून उभे राहिले. हिरानं एका बाजूनं धरलं होतं, जावयानं दुसऱ्या बाजूनं, आणि मध्ये चंपतराव, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, वॉकर पुढे ढकलत. ते कुणाशी बोलायला थांबले नाहीत. सरळ मीटरच्या खोलीत गेले. मागे सगळी मीटिंग.

फळी उंच होती. नरेशरावांनी खुर्ची आणली. चंपतरावांनी ती नको म्हणून सांगितलं, वॉकरला धरून ताठ उभे राहिले आणि हात वर केला. सुतळीची गाठ सुटेना. कुणीतरी कात्री आणायला धावलं. "कापायची नाई," ते म्हणाले. नखानं उकरत उकरत गाठ सोडवली, टॅग शर्टाच्या खिशात ठेवला आणि मागे वळून मोठ्यानं म्हणाले, "मेश्राम. काम पुरं. मानसं बाजूले. लाइन चालू करून राहिलो."

"ऐकलं. लाइन चालू करा," दुर्गाबाई म्हणाल्या. कारखान्यात असं उलटून म्हणायची पद्धत होती, आणि म्हणणारी दुसरी कोण असणार?

बटण दाबलं. मोडेमवर एक लाल दिवा लागला, मग हिरवे दिवे एकामागून एक लुकलुकायला लागले.

खोलीत भूमिका संगणकासमोर बसली होती. पान उघडलं आणि पुन्हा अर्धंच आलं. दारात दाटलेल्या लोकांमधून एक सुस्कारा निघाला. नरेशरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आश्चर्य म्हणजे, गंज ठेवायचे असूनही.

"रुको रुको, जुनी कॉपी आहे," भूमिका म्हणाली. तिनं प्रती पुसल्या आणि पान पुन्हा मागितलं. मथळा आला, अक्षरं आपापल्या जागी बसली, फोटो भरले आणि सगळ्यात खाली, जिथं इतके दिवस काहीच नव्हतं, तिथं निळं बटण येऊन बसलं.

"आता?" चंपतराव मागून विचारत होते. त्यांना गर्दीतून काही दिसत नव्हतं. "काय दिसून राहिलं? सांगा ना कोनी!"

"सारंच दिसून राहिलं भाऊ," दुर्गाबाई म्हणाल्या.

मग काय, सगळ्यांनाच एकदम काहीतरी बघायचं होतं. दुर्गाबाईंनी आधी चंपतरावांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारच्या संगणकासमोर बसल्या. चष्मा लावला, बोटं कीबोर्डवर ठेवली.

"बोलिए, कहाँ दूँ?"

चंपतरावांनी हिराकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. "नागपूर. दसऱ्याले. खिडकीजवळची सीट."

"आबा, हे वॉकर घेऊन?" हिरा म्हणाली. नंतर तिनं स्वतःच सुस्कारा सोडला. "एक नका काढू मावशी. दोन काढा. खिडकी त्याहीले द्या, नाई तं नागपूरपर्यंत कटकट करतीन."

दुर्गाबाईंनी नावं भरली आणि निळं बटण दाबलं.

बाहेर नरेशराव टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होते. त्याला दुसरीकडे जायचं होतं आणि गंज कुठे उतरवायचे ते अजून ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "ताई, कोपऱ्यात एकच कढई ठेवू का? सगळ्यात मोठी. बाकीच्या नेतो घरी."

दुर्गाबाईंनी मान न वळवता विचारलं, "झाकनासहित का झाकनाबिना?"

"झाकनासहित."

"ठेवा," त्या म्हणाल्या, "पन वायरीपासून लांब."